तिसरा गोळा

शेजारच्या खाटेवरचा पिदुरकर रोज संध्याकाळी बायको भेटायला आली की श्वासाच्या व्यायामाचं यंत्र हातात घ्यायचा, नळीतून हवा ओढायचा आणि आतले तिन्ही गोळे टणाटण वर चढवायचा. माझा एकच चढायचा, तोही थरथरत.

"तुम्हाले काहून जमत नाही जी?" माझी बायको विचारायची.

मी जळफळायचो. आम्ही दोघंही एकाच वस्तीतले. वीज केंद्राचा धूर आणि खडी क्रशरची धूळ दोघांनी सारखीच गिळलेली. दोन्हींनी मिळून छाती खाल्ली, असं डॉक्टर दोघांनाही म्हणाले होते. मग या लेकाच्याचीच कशी शाबूत राहिली?

मंगळवारी मी टक लावून पाहिलं. तो यंत्र तिरकं धरत होता! तिरकं धरलं की एवढ्याशा श्वासानंही गोळे चढतात. उद्या याच्या बायकोसमोरच याला उघडा पाडायचा, मी ठरवलं.

पण सकाळीच तो वारला. त्याची पिशवी भरता भरता त्याची बायको मला म्हणाली, "भाऊ, काल तर तिन्ही चढले होते ना?"

"तिन्ही, वहिनी. मी पाहिले."

संध्याकाळी माझी बायको आली. मी यंत्र हळूच तिरकं केलं.