फियाटचे कागद

"आता काय राहिलं, बाबा?" मिहीरने एका कानातला हेडफोन काढून विचारलं.

काउंटीच्या टॅक्स ऑफिसच्या खिडकीवरून शशिकांत हळूहळू बाकापाशी आले. "आरसी बुकाचं इंग्लिश भाषांतर पुन्हा हवंय म्हणते ती खिडकीतली बाई. शिक्का नीट उमटला नाही."

"अहो, किती वेळा?"

"सरकारी काम अन् सहा महिने थांब. इथेही तेच."

मिहीरने लॅपटॉप मिटला. हा त्यांचा सातवा गुरुवार होता.

आई गेल्यावर शशिकांत नागपूरचं घर बंद करून प्लेनोला मुलाकडे आले, ते एकाच अटीवर: फियाटही येईल. मॉडेल १९८६. पंचवीस वर्षांहून जुनी म्हणून ती अमेरिकेच्या सुरक्षेच्या नियमांतून सुटली. बाकी कशातूनच सुटली नाही. ह्यूस्टनच्या बंदरात तीन आठवडे अडकली. ड्यूटी भरली, चाकांमागची माती धुऊन दाखवली, पोलिसाकडून चासी नंबर तपासून घेतला. आता गॅरेजमध्ये उभी होती. या टॅक्स ऑफिसात रजिस्ट्रेशन झाल्याशिवाय रस्त्यावर आणायची सोय नव्हती.

गाडी बाबांच्या नावावर, म्हणून खिडकीशी तेच जायचे. मिहीर बाकावर बसून मीटिंग उरकायचा. घरीही तो तेच करायचा, खोलीचं दार लावून. फक्त ड्राइव्ह करताना कॉल घ्यायचा नाही, असा त्याच्या बायकोचा, सावनीचा दंडक होता. त्यामुळे गुरुवारी जाता-येता अर्धा-अर्धा तास बाबा बोलत. रामटेकच्या वाटेवर गाडी कशी तापली आणि आईने फिरकीच्या तांब्यातलं सगळं पाणी तिलाच कसं पाजलं, हे त्याने चारदा ऐकलं होतं. परतताना कुठेतरी इडली खायची, की झाला गुरुवार.

आज मात्र परतताना गाडीत त्याला राहवलं नाही. "बाबा, सोडून द्या ना आता. एखाद्या म्युझियमला देऊन टाकू. मला दर आठवड्याला नाही जमत ऑफिसातून निघायला."

शशिकांतांनी काचेबाहेर पाहिलं. म्हणाले, "तुला त्रास होतो, खरंय."

मिहीरला वाईट वाटलं. बाबांचा जीव त्या गाडीत अडकलाय, आणि आपण कुरकुरतोय. त्याने मनाशी ठरवलं, हे आपणच तडीस न्यायचं. शनिवारी भाषांतर नवं करून घेतलं, ठसठशीत शिक्का मारून घेतला. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत, घरी काही न सांगता, एकटाच गेला. तासाभराने नंबर लागला.

खिडकीतल्या बाईंनी कागद उलटसुलट करून पाहिला, मग कॉम्प्युटरकडे पाहिलं. "हा कशाला आणलात?"

"तुम्हीच मागितलात. गुरुवारी."

"मी? नाही हो. ही फाइल पूर्ण होऊन महिना झाला. नंबर प्लेटा मी स्वतः तुमच्या वडिलांच्या हातात दिल्या."

"कसं शक्य आहे? त्यानंतर आम्ही चार वेळा आलो इथे."

"आलात ना," बाई हसल्या. "दर वेळी ते टोकन घेतात, खिडकीशी येऊन माझी खुशाली विचारतात, आणि त्या बाकाकडे बोट दाखवून सांगतात, 'तो माझा मुलगा. दर गुरुवारी मला घेऊन येतो.'"