भिंतीतलं पाणी

"इथे कान लावा," प्यो आजोबा म्हणाले.

युनहाने त्यांच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला कान लावला. भिंत गार होती. आतून काहीच ऐकू येत नव्हतं. शेजारी फ्रिज घरघरत होता आणि खाली गल्लीत टेम्पोवाला भोंग्यावरून कोबी विकत होता.

"येतंय ऐकू?"

"नाही हो, आजोबा."

"सगळे असंच म्हणतात." त्यांनी स्वतःचा कान भिंतीला लावला, डोळे मिटले आणि मान हलवली. "येतंय की."

कोरियातल्या इंचन शहरातल्या या जुन्या चार मजली इमारतीत युनहाने नुकतंच घर घेतलं होतं. आयुष्यातलं पहिलं स्वतःचं घर. आजवर भाड्याच्या खोल्यांत नळ गळला की ती मालकाला फोन करायची. आता फोन करायला कुणी नव्हतं. राहायला आली तेव्हा रीतीप्रमाणे ती खालच्या घरी तांदळाच्या वड्या द्यायला गेली. आजोबांनी ताटली हातात घेतली आणि आभार मानायच्या आधीच विचारलं, "तुमच्याकडे पाणी गळतं का?" त्यानंतर ते अधूनमधून वर यायचे. भांडायला नाही, की भरपाई मागायलाही नाही. प्रश्न तेवढा एकच.

तळमजल्यावरच्या सलूनवाल्या बाईंनी तिला आधीच सावध केलं होतं. "लक्ष देऊ नकोस गं. म्हाताऱ्याला नसलेलं ऐकू येतं." बाईंनी कंगव्याने स्वतःच्या कानशिलावर टकटक केलं. "आधीचे मालक याच कटकटीला कंटाळले. त्याचा मुलगा तरी किती फेऱ्या मारणार बिचारा!"

आणि आजोबांच्या छतावर खरोखरच ओलीचा डाग नव्हता. पण आज ते टोपी हातात धरून तिच्या दारात उभे राहिले होते. "एकदाच येऊन ऐका. पुन्हा नाही त्रास देणार." म्हणून ती खाली आली होती.

आता तिला परत जाता आलं असतं. पण युनहा दातांच्या कवळ्या बनवायची. केसाएवढी फट राहिली तरी माणसाला घास चावता येत नाही. नीट न बघता 'नाही' म्हणणं तिला जमलं नाही.

"चला, मीटर बघू," ती म्हणाली.

नळाचा वायसर आणायला गेली होती तेव्हा दुकानदाराने तिला सांगितलं होतं. घरातले सगळे नळ बंद करायचे आणि मीटरमधली बारीक चांदणी बघायची. ती हलता कामा नये.

मीटर तिच्या दाराबाहेर, जिन्यातल्या भिंतीत अगदी खाली होता. तिने पत्र्याचं झाकण काढलं. थंडीत पाणी गोठू नये म्हणून आत जुन्या गोधडीचे तुकडे कोंबले होते. ते तिने ओढून काढले. घरात जाऊन सगळे नळ आवळले, वॉशिंग मशीनचा कॉक फिरवला. संडासाची टाकी गुपचूप गळत असली तर फसगत होईल, म्हणून तिचाही कॉक बंद केला. मग बाहेर येऊन गुडघे टेकले आणि बाहीने मीटरची काच पुसली.

चांदणी फिरत होती. अगदी सावकाश, पण फिरत होती.

ती पुन्हा आत गेली. पाणी तापवणाऱ्या बॉयलरचा कॉक बंद करून आली. चांदणी थांबली. कॉक उघडला, चांदणी पुन्हा फिरू लागली. म्हणजे गरम पाण्याची नळी. तिच्याच जमिनीखाली कुठेतरी फुटलेली. गेल्या रविवारी तिने ती जमीन ओणवी होऊन चकचकीत पुसली होती. आता ती फोडावी लागणार. खालची भिंतही फोडावी लागणार. पाण्यापायी वरचे आणि खालचे कोर्टात गेल्याचे किस्से तिने कामावर ऐकले होते.

एव्हाना कठडा धरत आजोबा वर आले होते. त्यांना वाकता येत नव्हतं आणि उभ्याने ती चांदणी त्यांना दिसणं शक्य नव्हतं. झाकण लावून टाकलं असतं तर कुणाला काही कळलं नसतं.

"फिरतंय का?" आजोबांनी विचारलं.

झाकण तिच्या हातात होतं. तिने ते बाजूला ठेवलं.

"फिरतंय, आजोबा. गळती माझ्याच घरात आहे."

आता आरडाओरडा होणार, असं धरून ती उठून उभी राहिली. आजोबांनी पाठीमागची पायरी हाताने चाचपली आणि ते खाली बसले.

"परत सांगा."

"तुमच्या भिंतीतून पाणी जातंय. तुम्हाला ऐकू येतं ते पाणीच आहे."

"पाणीच ना? खरंखुरं?"

"खरंखुरं. माफ करा, आजोबा. तुमची भिंत मी नीट करून..."

"भिंत गेली खड्ड्यात!" त्यांनी खिशातून फोन काढला. एक बटण दाबून त्यांनी फोन तिच्या हातात दिला. "माझा मुलगा आहे. तुम्ही सांगा त्याला. माझं तो ऐकत नाही."

पलीकडून थकलेला आवाज आला. "बाबा, पुन्हा ते पाण्याचं नको हं. डॉक्टर काय म्हणाले..."

"मी वरच्या मजल्यावरून बोलतेय," युनहा म्हणाली. "पाणी खरंच गळतंय. मी आत्ता स्वतः मीटर बघितला."

आजोबांनी तिची बाही धरली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

"माझं डोकं ठिकाणावर आहे म्हणावं," ते म्हणाले. "आणि सोमवारी ती वृद्धाश्रमाची गाडी बोलावू नको म्हणावं."