फिनेलचे चार थेंब

सोलापूरच्या प्रयोगशाळेतून आलेला कागद डॉक्टरांनी दोनदा वाचला. "बाटलीत काहीच उगवलं नाही," ते म्हणाले.

विमलचा जीव भांड्यात पडला. जंतूच नाहीत म्हणजे सासरे बरे होणार, एवढं तिला न शिकवताही कळत होतं. पण डॉक्टरांचा चेहरा काही उजळेना. पेनिसिलीनची दहा इंजेक्शनं टोचूनही नारायणरावांच्या छातीला ढिम्म फरक पडला नव्हता. जंतू कोणता आणि तो कोणत्या औषधानं मरतो, हे त्याला तिकडं काचेत वाढवल्याशिवाय समजणार नव्हतं. अंदाजानं आणखी किती सुया मारायच्या?

"थुंकीची बाटली कशी भरली होती तुम्ही?"

विमलनं पदर सावरून सांगितलं. तिच्या टापटिपीचं तुळजापुरात नाव होतं, आणि ते तिला ठाऊकही होतं. "आधी उकळून घेतली. भरल्यावर वरून फिनेलचे चार थेंब टाकले. गच्च मोटारीतून जायची, आत लेकुरवाळ्या बाया असतात. कुणाला बाधू नये म्हणून."

डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. "फिनेलनं बाटलीतले जंतूच मेले," एवढंच म्हणून त्यांनी दुसरी बाटली पुढं ठेवली. उद्या पहाटेचा बेडका हवा, थेट छातीतून आलेला, त्यात पाण्याचा थेंबसुद्धा नको; आणि म्हाताऱ्याच्या अंगात खोकायची ताकद आहे तोवरच हे जमेल, असं त्यांनी बजावलं.

महिनाभर त्या खोकल्यानं घराला डोळा लागू दिला नव्हता. विमलनं कानांत बोटं घातली होती. हा खोकला एकदाचा थांबू दे, म्हणून देवीला साकडंही घातलं होतं.

पहाटे तिच्या नवऱ्यानं, वसंतरावांनी, वडिलांना लोडाला टेकवून बसवलं. पाठ चोळली, गरम पाणी पाजलं. सासऱ्यांसमोर कधी मान वर न केलेली विमल त्यांच्या तोंडाशी बाटली धरून म्हणाली, "मामंजी, एकदाच जोरात खोका."

नारायणरावांनी तोंड उघडलं. छातीत नुसती घरघर झाली. "येत नाही गं," ते ओशाळून म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

सोलापूरची मोटार स्टँडवर लागली असेल. देवळात चौघडा सुरू झाला होता. विमलनं कोरडी बाटली दोन्ही हातांत घट्ट धरली.

"आई, माझं मागणं परत घे," ती पुटपुटली. "त्यांना खोकला येऊ दे."