एक किडनी, दोन लेकी

फुलंब्रीच्या सरूबाईच्या दोन्ही लेकी डायलिसिसवर होत्या. आईची किडनी दोघींनाही जुळत होती, पण ती एकीलाच देता येणार होती.

उस्मानपुऱ्यातल्या दवाखान्यात डॉक्टरांनी आई-वडिलांना आणि दोन्ही लेकींना समोर बसवून समजावून सांगितलं, "धाकट्या तनुजाच्या शरीरात ती टिकायची शक्यता जास्त आहे. थोरल्या दीपमालाच्या बाबतीत जरा कमी. शहाणपणाचा निर्णय एकच, तनुजाला द्या."

सरूबाईचे मालक काकासाहेबही म्हणाले, "डॉक्टर म्हणत्यात तसं कर."

"नाय," सरूबाई म्हणाली. "दोघी माझ्याच पोटच्या हायेत. चिठ्ठ्या टाकू."

"एवढी मोठी गोष्ट कुणी नशिबावर सोडतं का?" डॉक्टर वैतागले. सरूबाईनं ऐकलं नाही. तिथंच बाकावर बसून तिनं दोघींची नावं लिहिली, कागदांच्या सारख्या घड्या घालून त्या पदरात टाकल्या आणि पदर दीपमालासमोर धरला.

"तूच उचल."

दीपमालानं चिठ्ठी उघडली. तनुजाचं नाव निघालं. तिनं चिठ्ठीची पुन्हा घडी घातली. मग रडणाऱ्या धाकटीला जवळ घेऊन म्हणाली, "लवकर बरी हो. माझ्याकडं बघायला माणूस लागंल."

डॉक्टरांनी सुस्कारा सोडला. "बघा, मी सांगितलं तेच झालं. मग चिठ्ठ्या टाकून काय मिळालं?"

सरूबाईनं पदर झटकून खांद्यावर घेतला.



"तुमचं ऐकलं असतं, तर माझ्या दीपमालाच्या नावाची चिठ्ठीच नसती, डॉक्टरसाहेब."