सगळ्यात विरळ नळी

स्वस्त चाचणी महागड्या यंत्राच्या तोडीस तोड ठरली, तरच ती लहानसहान दवाखान्यांत जाणार होती. पारख करायची रीत साधी होती. नक्की लागण झालेल्या एका माणसाचा नमुना विरळ, आणखी विरळ करत न्यायचा आणि त्यातला विषाणू यंत्राला कुठवर दिसतो, स्वस्त चाचणीला कुठवर, ते बघायचं. ही चाचणी तिने प्रयोगशाळेत बनवली होती आणि नमुनाही तिनेच दवाखान्यातून आणला होता. त्यावर नाव नव्हतं, नुसता आकडा.

विषाणू असला तर पिवळं होणारं गुलाबी पाणी घातलेली सगळ्यात विरळ नळी तिने गरम पाण्यात ठेवली आणि मनातल्या मनात देवाचा धावा केला. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"यंत्राला दिसलाय बरं का. आता तुझं हे गुलाबी पाणी काय दिवे लावतंय, बघू या."

बघता बघता नळीतलं गुलाबी पाणी पिवळं झालं.

"अगं, पकडला की गं!" मॅडमनी तिच्या पाठीवर थाप मारली. "इतका विरळ असतो तो अगदी सुरुवातीला. माणूस चांगला हिंडता-फिरता असतानाच कळणार आता! आणि रडतेस काय, वेडाबाई? देव पावला म्हण."

"पावला," ती डोळे पुसत म्हणाली. "हा नमुना आमच्या दादाचा आहे, मॅडम. तो गेला, त्याच्या थोडेच दिवस आधी माझ्याकडे जेवायला आला होता. ताप नाही, खोकला नाही. माझ्या लेकीला खांद्यावर घेऊन घरभर नाचत होता."