शेडसाठी अपील

अपिलाचे कागद नेव्हिल बहिणीच्या अंगावरच फेकणार होता. पण ग्वेनच्या हातात मासे साफ करायची सुरी होती, म्हणून त्याने ते बाकावर आपटले.

खरं तर कागद द्यायला वकिलाचा माणूस येणार होता. पण ग्वेनचं तोंड कसं उतरतं ते नेव्हिलला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. बाप गेल्यापासून दोघांमधून विस्तव जात नव्हता. खालच्या कोर्टाने घर आणि सफरचंदाची बाग नेव्हिलला दिली. बापाचं अंथरुणातलं सगळं जिने केलं, तिला मिळाली नदीकाठची बोटीची शेड. तीही त्याच्या डोळ्यांत खुपत होती. घर पदरात पडलंय, आता गप्प बसा, असं वकिलाने बजावलं होतं. नेव्हिलने त्याला भित्रा ठरवलं आणि मुदतीच्या शेवटच्या दिवशी अपील दाखल करायला लावलं.

शेडला नवा निळा रंग दिला होता. आत एक खाट, बापाची खुर्ची, स्टोव्हवर किटली. बया चक्क मुक्काम ठोकून बसली होती.

"शेडही जाणार तुझी," तो म्हणाला. "तंबूची सोय बघ."

ग्वेनने सुरी खाली ठेवली आणि उभ्या उभ्याच कागद वाचले. तिचं तोंड काही उतरलं नाही. नेव्हिलला ते झोंबलं. वाचता येतंय ना, की वाचून दाखवू, असं त्याने विचारलं.

"घराच्या निकालात जज चुकलाय, अपील कर, असं माझी वकीलबाई घसा फोडून सांगत होती," ती म्हणाली. "मी नाही केलं. म्हटलं, घे बाबा घर, पण हे भांडण मिटू दे. मुदत संपली त्या दिवशी हा रंग दिला."

"मग रड आता."

"आता कशाला रडू? तू अपील केलंस की मलाही घरासाठी उलट अपील करता येतं. हे कागद हातात पडले की माझी मुदत नव्याने सुरू. नेव शहाणा असेल तर गप्प बसेल, असं बाईच म्हणाली होती."

नेव्हिल हसायला गेला. मग त्याला आपला वकील आठवला. त्याने घाईने कागदांकडे हात नेला.

ग्वेनने त्यांवर आपला ओला हात ठेवला.

"राहू देत, नेव. मला पोचले. तुझ्याच हातचे."