उरलेल्या गोळ्या

"रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का?" हे मी बेहेरेकाकांना तपासताना विचारलं होतं. भूलतज्ज्ञांनीही विचारलं होतं. दोन्ही वेळा काका ताठ बसून म्हणाले, "छे! मला कुणी दिलेलीच नाही." रिपोर्ट उत्तम होते. दुर्बिणीतून प्रोस्टेट काढायला इतका सरळ पेशंट क्वचितच मिळतो, म्हणून मी खूश होते.

ऑपरेशनच्या सकाळी काका हनुवटीवर कापूस दाबून आले.

"दाढी करताना जरासं कापलं," काकू म्हणाल्या, "पण मेलं रक्त थांबायचं नाव घेत नाही."

मी कापूस उचलून पाहिला. "काका, खरं सांगा. काय घेताय?"

"माझं काही नाही हो! हिच्या हार्टवाल्या डॉक्टरांनी हिची गोळी बदलली. जुन्या उरल्या, टाकवेनात. म्हणून जेवण झालं की मीच एकेक संपवतोय. उरलेली आमटी नाही का संपवत आपण?"

"आमटी खाल्ल्यानं ऑपरेशनात रक्त वाहत राहत नाही!" मी ओरडलेच. ऑपरेशन रद्द केलं, गोळी बंद केली.

तिचा अंमल पूर्ण उतरल्यावर ऑपरेशन केलं आणि ते झकास झालं. घरी सोडताना मी बजावलं, "काका, प्रोस्टेटच्या जुन्या गोळ्या आता घ्यायच्या नाहीत."

काकांचा चेहरा पडला. "अहो, अजून अख्खं पाकीट शिल्लक आहे," ते पुटपुटले आणि त्यांची नजर हळूच काकूंकडे वळली.